डिस्नेलँडची स्थळपाहणी

भारतातून आलेल्या ज्येष्ठ मंडळींना डिस्नेलँडला न्यायचं म्हटलं की आधी एक वाक्य ऐकावं लागतं : “आम्ही काय आता लहान आहोत का?” हे वाक्य म्हणणारा माणूस नक्की येतो. ज्याला खरोखरच यायचं नसतं तो गुडघ्याचं नाव पुढे करतो. वयाचा मुद्दा काढणाऱ्याला फक्त आग्रह हवा असतो, आणि आग्रहाच्या बाबतीत आपण मराठी माणसं कुणाला ऐकत नाही.

डिस्नेलँड ज्या गावी आहे ते अ‍ॅनाहाइम मी राहतो तिथून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियात आमच्या ओळखीतल्या ज्यांचे ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात येतात, त्यांच्या यादीत ‘डिस्नेलँड’समोर माझं नाव लिहिलेलं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय चुकवू नये, हे माझं पाठ झालं होतं. पीटर पॅनची राइड दार उघडताच गाठायची, कारण दोन-तीन मिनिटांच्या त्या उड्डाणासाठी दुपारी तासभर उभं राहावं लागतं. ऊन चढलं की पायरेट्सच्या गारव्यात शिरायचं. पाय बोलायला लागले की आगगाडीत बसायचं. एवढं सांगून मी मोकळा होत असे. मग माझे मामा आले.

मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण अजून कुणाच्या घरी गेले की आधी तुळईकडे बघतात आणि मग यजमानांकडे. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असते. तिच्यात ते अभिप्राय लिहितात. आमच्या घराबद्दल त्यात काय लिहिलंय ते मी अजून विचारलेलं नाही.

तिकिटाचा आकडा त्यांना कळू द्यायचा नाही, असं मामीचं आणि माझं ठरलं होतं. पण अंदाजपत्रक लपवणारा माणूस मामांना नुसत्या चालीवरून ओळखू येतो. गर्दीच्या दिवशी एका माणसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर जातं. मामांनी त्याला पंच्याऐंशीनं गुणलं, मग तीन माणसांनी गुणलं, आणि गाडीत काही वेळ शांतता पसरली. ती मोडावी म्हणून मी सांगितलं, की १९५५ साली मोठ्या माणसाला आत जायला फक्त एक डॉलर लागायचा. आतल्या खेळांचे पैसे वेगळे, दहा सेंटांपासून पस्तीस सेंटांपर्यंत. पुढे ए, बी, सी अशी कुपनं आली, त्यातलं ‘ई’ सगळ्यात भारी खेळांचं. ती पद्धत १९८२मध्ये बंद झाली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे आपण उशिरा आलो.”

फाटकावर मामीच्या पिशवीची तपासणी झाली. घरचं खाणं आत नेता येतं, काचेच्या बरण्या चालत नाहीत. हे आधीच सांगितल्यामुळे लोणचं स्टीलच्या डब्यात होतं. तपासणाऱ्या मुलीनं धपाट्यांचा वास घेतला, काही न बोलता डबा परत केला आणि आमच्याकडे बघून हसली. मामी म्हणाली, “बिचारीचं जेवण झालेलं दिसत नाही.”

आत शिरल्यावर पहिलं लागतं ते मेन स्ट्रीट. शतकभरापूर्वीच्या अमेरिकन गावातला एक रस्ता. मिसूरीतल्या मार्सलीन गावी वॉल्ट डिस्नेचं लहानपण गेलं, त्या गावाची आठवण यामागे आहे. प्रत्येक माणूस इथे फोटो काढतो आणि पुढे जातो. मामा थांबले. मान वर करून त्यांनी दुकानांचे वरचे मजले निरखले. मग एक डोळा मिटून पुन्हा निरखले.

“अरे, हा वरचा मजला बेकायदा आहे. उंची भरत नाही.”

मी गार पडलो. कारण ते खरं आहे. मेन स्ट्रीटवरच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापात बांधले आहेत, म्हणजे इमारत आहे त्याहून उंच भासते. मी इतक्या लोकांना या रस्त्यावरून नेलं, कुणाला संशय आला नव्हता. मामांना तो आत शिरल्यावर पाचव्या मिनिटाला आला. त्या क्षणी आमच्या सहलीचं स्वरूप बदललं. आता आम्ही स्थळपाहणीला आलो होतो.

अग्निशमन केंद्राच्या वर एक खोली आहे, तिच्या खिडकीत दिवा जळत असतो. ती वॉल्ट डिस्नेची राहायची खोली होती. “मालक साइटवर राहायचा?” मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता. मग मी बांधकामाचा इतिहास काढला. १९५४च्या जुलैत काम सुरू झालं, संत्र्याच्या बागा तोडून. १७ जुलै १९५५ला उद्घाटन. खर्च एक कोटी सत्तर लाख डॉलर.

“एका वर्षात?” मामा म्हणाले. “आमच्याकडे एका वर्षात फाइल वरच्या मजल्यावर जात नाही.”

उद्घाटनाच्या दिवसाची हकीकत मात्र मामांना इतकी आवडली, की ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. टेलिव्हिजनवर थेट प्रक्षेपण, तीन निवेदक, त्यातला एक रोनाल्ड रीगन. निमंत्रितांसाठीचा दिवस, पण लोकांनी बनावट तिकिटं छापली आणि भलतीच गर्दी उसळली. रस्त्याचं डांबर ताजं होतं, उन्हानं मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. प्लंबरांच्या संपामुळे वेळ इतका कमी उरला होता, की पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की संडास, असा पेच पडला. डिस्नेनं संडास निवडले. लोक म्हणाले, पेप्सी खपावी म्हणून नळ बंद ठेवले.

“बरोबर केलं,” मामांनी निर्णय दिला. “पाणी विकत मिळतं. दुसरं कुठे मिळणार? डांबराचं मात्र घाईचं काम झालं. थर बसू द्यायला हवा होता.” असं म्हणून त्यांनी बुटाच्या टाचेनं रस्ता दाबून पाहिला. सत्तर वर्षांत तो बसला असावा. मामा पुढे निघाले.

रस्त्याच्या टोकाला झोपलेल्या राजकन्येचा किल्ला आहे. जगभर ज्याच्या चित्रांची खेळणी आणि दप्तरं विकली जातात तो हा किल्ला प्रत्यक्षात सत्त्याहत्तर फूट उंच आहे. बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यावरून तो सुचला. कोथरूडला मामा राहतात ती इमारत अकरा मजली आहे, तेव्हा किल्ल्याकडे त्यांनी थोडं वरूनच पाहिलं. पण मामीला खरी गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटली. राजकन्येचा सिनेमा पडद्यावर आला १९५९ साली. किल्ला १९५५चा. “म्हणजे आधी बांधकाम पूर्ण आणि चार वर्षांनी बाई राहायला आली?” मामी म्हणाली. “आणि आपण चार वर्षं हप्ते भरत होतो, तेव्हा नुसते खांब होते.”

रांगेबद्दल आपल्या लोकांना काही शिकवावं लागत नाही. पंढरपूरची दर्शनबारी ज्यानं पाहिली आहे त्याला डिस्नेलँडची रांग माहेरची वाटते. तीच वळणं, तेच कठडे, संपली असं वाटतं तेवढ्यात आत निघणारं नवीन दालन. जादा पैसे भरून वेगळ्या वाटेनं आत जायची सोय आहे, तिला ‘लाइटनिंग लेन’ म्हणतात. मामीनं त्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “पासवाले.” फरक एकच. इथे किती मिनिटं लागतील त्याची पाटी लावतात. विठोबानं कधी असा शब्द दिला नाही. आणि पाटीवर साठ लिहिलेलं असताना पंचेचाळिसाव्या मिनिटाला नंबर लागला की माणसाला पंधरा मिनिटं फुकट मिळाल्याचा आनंद होतो. मामा म्हणाले, हे कंत्राटदाराचं जुनं तंत्र आहे, मुदत आधीच वाढवून घ्यायची.

जंगल क्रूझ उद्घाटनापासूनची. बोटीत बसायचं, नदीतून जायचं, बाजूला हत्ती, पाणघोडे, मगरी. बोट चालवणारा मुलगा सलग विनोद करत असतो. विनोद इतके वाईट असतात, की पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुद्दाम ते ऐकायला येतात. डिस्नेला आधी खरे प्राणी आणायचे होते. मग लक्षात आलं, की खरा प्राणी दिवसभर झोपतो आणि बोट आली म्हणून उठत नाही. म्हणून यंत्राचे केले. काही झाडं मुळं वर करून पुरली, जंगल जास्त भयाण दिसावं म्हणून. पाण्याला गढूळ रंग दिला, तळ दिसू नये म्हणून. मामा काठावर वाकून पाण्यात बघत होते, तेव्हाच मी ओळखलं.

“खाली रूळ आहे,” ते माझ्या कानात म्हणाले. “तो पोरगा चाक फिरवतोय त्याचा काही उपयोग नाही.”

“हळू बोला, मामा.”

“मी कुणाला सांगणार? इथे मराठी कोण आहे?” मागच्या बाकावरून एक बाई मराठीत म्हणाल्या, “आम्हाला कळलं हो, पण मुलांना सांगू नका.”

इथेच मी नेहरूंची गोष्ट काढतो, ज्येष्ठांच्या अंगात थोडं बळ येतं. नोव्हेंबर १९६१मध्ये पंतप्रधान नेहरू अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना इंदिरा गांधींसह इथे आले होते. खुद्द वॉल्ट डिस्नेनं त्यांना हिंडवलं. त्याच महिन्यात पंडितजींना बहात्तर वर्षं पूर्ण झाली. मामी लगेच वळून म्हणाली, “बघा. आणि तुम्ही म्हणत होता, लहान आहोत का! तुम्हाला तर अजून एकाहत्तरच आहेत.”

नेहरूंच्या आधी दोन वर्षं, सप्टेंबर १९५९मध्ये, सोव्हिएत रशियाचे क्रुश्चेव लॉस एंजेलिसला आले होते. त्यांना डिस्नेलँड पाहायचं होतं. सुरक्षेची हमी देता येत नाही म्हणून नकार मिळाला. अणुबॉम्ब ज्याच्या हाताखाली, तो माणूस भर मेजवानीत तणतणला, की तिथे काय रॉकेटं डागायचे तळ आहेत काय. खरं तर रॉकेट होतं. चंद्रावर जाणारं, ‘उद्याच्या जगा’त उभं केलेलं, सगळ्यांना बघता येईल असं. पण खोटं. गुप्तहेरांना एवढा तपशील मिळाला नसावा.

दुपारनंतर पाय बोलायला लागले, तेव्हा आगगाडी. वाफेची, खरी. डिस्नेला आगगाड्यांचं वेड होतं आणि ही गाडी मातीच्या बांधावरून सगळ्या बागेला वळसा घालते. हा बांध लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वाटेत बोगद्यात ग्रँड कॅन्यनचा देखावा येतो, भरलेल्या हरणांसह, आणि लगेच पुढे डायनोसॉर. मामांनी डायरी काढली आणि पुढच्या आठवड्याच्या पानावरचं ‘ग्रँड कॅन्यन’ खोडलं. “झालं की,” ते म्हणाले. “आठ तास गाडी कशाला चालवायची?” ते खोडलेलं पुन्हा लिहून घ्यायला मामीला दोन दिवस लागले.

आता भूतबंगला. हॉन्टेड मॅन्शन. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एकच गोष्ट पाहायची असेल तर माझं मत याला. दाराशीच मामांनी विचारलं, कधीचा? बाहेरून इमारत १९६३मध्ये उभी होती, आत लोकांना सोडलं ते १९६९मध्ये. “सहा वर्षं नुसतं बाहेरून तयार? हे काम आमच्या खात्याचं दिसतंय.” आत नऊशे नव्व्याण्णव भुतं आहेत आणि हजाराव्याची जागा रिकामी आहे, असं डिस्नेवाल्यांचं म्हणणं. मामी म्हणाली, पुण्यात एवढ्या मोठ्या वास्तूत एक खोली रिकामी ठेवली असती तर भुतांनी ती पेइंग गेस्टला दिली असती.

पहिली खोली अष्टकोनी. दार बंद होतं, दिवे मंदावतात, आणि भिंती लांबायला लागतात. भिंतींवरची चित्रंही खाली खाली उलगडत जातात. छत वर जात असतं. लहान मुलं किंचाळतात, मोठी माणसं किंचाळायला निमित्त मिळालं म्हणून किंचाळतात. त्या गदारोळात मामांचा स्वच्छ, खात्यातला आवाज आला :

“लिफ्ट आहे. आपण खाली चाललोय.”

काळोखात दोन-तीन लोक वळून बघायला लागले. मामा डोळे मिटून उभे होते, तळपायांवर लक्ष देऊन. आणि त्यांचं शब्दाशब्दानं बरोबर होतं. भुतांची खरी इमारत बागेत मावत नव्हती, ती बांधाच्या पलीकडे बांधली आहे. मग लोकांना तिथे न्यायचं कसं? खोली म्हणून लिफ्ट करायची, माणसं कळू न देता खाली उतरवायची, आणि आगगाडीच्या रुळाखालून एका दालनातून चालवत पलीकडे न्यायची. त्या दालनात विजा चमकतात, तसबिरी बदलतात, आणि कुणाच्या डोक्यात येत नाही की आपण रेल्वेखालून चाललोय. फ्लोरिडात हाच बंगला पुन्हा बांधला तेव्हा जागा मुबलक होती, लिफ्टची गरज नव्हती. तरी लांबणारी खोली ठेवली, लोकांना आवडली म्हणून. तिथे मात्र छत खरंच वर जातं.

मामांचा चेहरा खुलला होता. “रेल्वेखालून बोगदा! आणि रेल्वेची परवानगी?”

“रेल्वे त्यांचीच आहे, मामा.”

हे ऐकून ते काही क्षण निःशब्द झाले. तीस वर्षांच्या नोकरीत रेल्वेच्या परवानग्यांनी त्यांचे केस गेले होते. पुढे मोठ्या दालनात भुतं नाचत होती, पारदर्शक, टेबलांमधून आरपार जाणारी. ती मोठ्या काचेतल्या प्रतिबिंबाची युक्ती आहे, एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या रंगभूमीवरून आलेली. मामी मंत्रमुग्ध होऊन बघत होती. मामा काच शोधत होते. ती सापडली नाही, तेव्हा ते जे म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो : “सगळं खोटं आहे. पण काम पक्कं आहे. आमचं उलटं व्हायचं.”

पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमध्ये बोट सुरुवातीलाच दोनदा घसरून खाली जाते. मामी ओरडली. मामा म्हणाले, “पुन्हा बांधाखालून!” आणि तेही बरोबर निघालं. वॉल्ट डिस्नेनं जातीनं लक्ष घातलेली ही शेवटची राइड. डिसेंबर १९६६मध्ये तो गेला, ती मार्च १९६७मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या काळात इथले काही सांगाडे खरे होते, वैद्यकीय शाळेतून आणलेले, हे मी जेवायच्या आधी सांगायला नको होतं, असं मामीचं मत पडलं. बाहेर आल्यावर तिनं धपाट्याचा डबा माझ्या हातात दिला आणि स्वतः अननसाचं आइसक्रीम घेतलं.

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’बद्दल माझा पूर्वग्रह आहे, म्हणून थोडक्यात. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफच्या दालनासाठी हे केलं होतं, १९६६मध्ये इथे आलं. तीनशेच्या वर बाहुल्या, देशोदेशीच्या, आणि सगळ्यांचं मिळून एकच गाणं. बोटीत बसल्यावर पळून जाता येत नाही. ताजमहाल आला तसा मामीनं हात जोडले, सवयीनं. “महाराष्ट्र कुठाय?” म्हणून तिनं पुढचे चार देश मान वळवून पाहिले, त्यात बिचारा ऑस्ट्रेलिया निसटला. ते गाणं मामा पुढे आठवडाभर दाढी करताना गुणगुणत होते. त्यांच्या दृष्टीनं बांधकामाचा तो एकमेव दोष. आवाज बाहेर झिरपतो.

धाडसी खेळांची चर्चा पाटीपाशीच संपली. हृदयविकार, रक्तदाब, मान, पाठ, गरोदरपण असणाऱ्यांनी बसू नये, असं तिथे लिहिलेलं असतं. मामी म्हणाली, “शेवटचं सोडून सगळं आमच्या दोघांत मिळून आहे.” तरी मामांना मॅटरहॉर्नच्या कठड्यापर्यंत न्यावंच लागलं. स्वित्झर्लंडच्या खऱ्या डोंगराचा शंभरावा हिस्सा, एकशे सत्तेचाळीस फूट, १९५९चा, आणि पोलादी नळ्यांच्या रुळावर धावणारं पहिलं रोलर कोस्टर. डोंगराच्या पोटात कर्मचाऱ्यांसाठी बास्केटबॉलची जाळी आहे. “म्हणजे आत जागा शिल्लक होती,” मामा पुटपुटले आणि डायरीत काहीतरी लिहिलं. स्पेस माउंटनचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो, काळोखामुळे तो दुप्पट वाटतो, हे ऐकून त्यांना त्यात रस उरला नाही. सिंहगड रस्त्यावर दिवे जातात तेव्हा हे रिक्षात होतं, आणि तेही मीटरनं.

एक रंग मात्र पाहून घ्या. कुंपणं, मागची दारं, विजेच्या पेट्या, जे जे लोकांच्या नजरेत येऊ नये ते ते इथे एका फिकट करड्या-हिरव्या रंगानं रंगवतात. डोळा तिथे थांबतच नाही. त्या रंगाचं डिस्नेतलं नावच मुळी ‘दूर हो’ अशा अर्थाचं आहे. मामांनी तीन वेळा विचारलं, हा रंग भारतात मिळेल का. त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या दोन-तीन शासकीय इमारती आहेत, त्यांना देऊन बघायचा होता.

आतषबाजी झाली, गर्दी परतीला लागली. वाहनतळाची इमारत अवाढव्य आहे आणि तिचे मजले पात्रांच्या नावांनी ओळखले जातात. मामी म्हणाली, गाडी डोनाल्डवर आहे. मामा म्हणाले, गूफीवर. डायरीत मेन स्ट्रीटची उंची होती, किल्ल्याची होती, लिफ्टचा अंदाजे वेग होता, बास्केटबॉलची जाळी होती. गाडी नव्हती. मी फोनवर फोटो काढून ठेवला होता, पण माझं ऐकायला कुणाला सवड नव्हती. डोनाल्ड की गूफी यावर त्यांचं अस्सल सदाशिव पेठी भांडण चालू असताना पलीकडून एक जोडपं आलं, जंगल क्रूझमधल्या बाईंचंच.

“तुमचीही सापडत नाही का?” बाईंनी विचारलं.

मामांनी शर्ट नीट केला. “सापडेल. तुम्ही कुठले?”

“आम्ही डेझीवरचे.”

“तसं नव्हे हो. मूळचे?”

“मूळचे सांगलीचे,” त्यांचे यजमान म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं सांगलीच्या आयर्विन पुलाच्या दगडी कमानींवर गेली.